चारी बाजूंनी हिरवा

ह्यांचा गुडघा हॉटेलात, बर्फाच्या पिशवीखाली.
मी एल्ट्योच्या दुकानात.
छताला सायकली टांगलेल्या, उलट्या, वटवाघळांसारख्या.
शहराचं नाव ग्रोनिंगन लिहितात,
उच्चारताना मात्र आधी घसा खाकरतात.
एल्ट्यो मला बघतो, मग सीटला, मग पाना घेतो.
खाली. अजून खाली.
इतक्या बुटक्या बाईचा ह्या गावात
कुणी विचारच केलेला नसावा.
पावतीवर माझं नाव लिहायला घेतो,
तिसऱ्या अक्षराशी पेन अडतं,
खोडून लिहितो: निळा कोट.

हँडलला ब्रेक नाहीत.
पेडल उलटं मारा, थांबते, तो म्हणतो,
जसं काही हे सगळ्या जगाला माहीत आहे.

मला जन्मभराची सवय,
सायकल आपसूक पळू लागली की
पेडल उलटं फिरवत चेनची किरकिर ऐकायची.
पहिल्याच पुलावरून उतरताना तेच करायला गेले,
सायकल गचकन जागच्या जागी,
आणि मागे सात घंट्या.
कुणी ओरडलं नाही.
माझ्या दोन्ही बाजूंनी ओढा फुटावा तशी माणसं निघून गेली:
एका हाताने चेलो धरलेला मुलगा,
पुढच्या पेटीत तीन पोरं आणि एक ओला कुत्रा घेतलेला बाप,
हात सोडून लिपस्टिक लावणारी एक जण.

इथे डोंगर नाहीत, त्या जागी वारा ठेवलाय.
जाताना तोंडावर.
परत येताना वाटलं, आता तरी पाठीवर घेईल.
तोंडावरच.
कालव्यात एक बोट, बोटीत घर,
घराच्या खिडकीत म्हातारा बटाटे सोलत होता.
त्याने सुरी उंचावून "मोइ" म्हटलं.
मीही म्हटलं मोइ,
आणि हात वर केल्यामुळे कुंपणात गेले.

मग तो चौक.
गाड्या सगळ्या थांबलेल्या
आणि सायकलींचा दिवा एकदमच हिरवा,
चारी बाजूंना, एकाच क्षणी.
मला वाटलं, बिघडलाय.
पण सगळे निघाले. तिरपे, आडवे, समोरासमोर,
विणकाम करणारीने डोळे मिटून सुया चालवाव्यात तसे,
आणि एकही टाका सुटला नाही.
दिवा लाल. पुन्हा हिरवा. पुन्हा लाल.
मी कडेलाच, एक पाय फुटपाथवर.
तीन हिरवे मी नुसते बघण्यात घालवले.

चौथ्याच्या आधी शेजारी एक सायकल थांबली.
माझ्याच वयाची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
टोपलीत माती लागलेल्या लीकची जुडी,
कांद्याच्या पातीच्या थोरल्या बहिणी.
तिने माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं,
म्हणाली, "साम्न?"
मी घाबरून माझी पिशवी चाचपली.
सामान तर होतं जागेवर.
ती हसली. स्वतःकडे बोट, माझ्याकडे बोट,
मग दोन्ही बोटं जोडून पुढे.
एकत्र. साम्न म्हणजे एकत्र.

हिरवा.
कोण कुठून आलं मला ठाऊक नाही.
एक चाक माझ्या चाकापुढून वीतभर अंतरावरून गेलं,
एक टोपी, एक शिट्टी, कुणाच्या तरी ब्रेडचा वास.
मी फक्त तिच्या बुटांकडे बघत होते,
आणि पेडल उलटं मारायचं नाही,
काही झालं तरी उलटं मारायचं नाही,
एवढंच पुटपुटत होते.
पलीकडे पोचल्यावर कळलं, श्वास घ्यायचा राहिलाय.

तिचं नाव हार्मके. छातीवर थाप मारून सांगितलं.
माझं नाव तिने तीनदा म्हटलं, तीनदा चुकली,
आणि हरल्यासारखा एक लीक काढून माझ्या बास्केटमध्ये ठेवला.

एल्ट्योने विचारलं, उद्या?
मी सीटकडे बघून बोट दाखवलं:
एक बोटभर वर.

खोलीत ह्यांनी नकाशा पांघरुणावर पसरलेला.
मनोरा पाहिलास? म्युझियम?
मी दात घासायच्या ग्लासात पाणी भरलं,
त्यात लीक उभा केला,
तो आरशाच्याही वर गेला.
हे काय आणलंस?
सामान, म्हटलं.