अकरा जणांचा कोट

उदगीरच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागं
सुतळी ताणून मी फोटो लावलेत,
कपडे वाळवायच्या चिमट्यांनी.
खाली नंबर. नावाच्या जागी रेघ.
काचा मोडीत निघाल्या होत्या, किलोवर.
भंगारवाल्या मुनीरनं एक उन्हाकडं धरली,
काळे दात, पांढरे केस बघितले
आणि पोतं इथं आणून टाकलं :
यात कुणीतरी आहे, म्हणाला.

बाजारच्या दिवशी लोक येतात, पिशव्या पायाशी ठेवतात.
किल्ल्याचा खंदक ओळखतात,
घंगाळ ओळखतात, बैलाची शिंगं सुद्धा.
माणसापाशी आले की,
असंल कुणीतरी.

मी पेन्सिलीनंच लिहिते.
दोन महिन्यांत टोक करावं लागलं नाही.

मग दस्तगीर टेलर आले, पेपर वाचायला,
मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं,
आणि चार नंबरपाशी थांबले.
ये कोट अब्बा का सिया हुआ है.
पहननेवाला? क्या मालूम.
स्टुडिओत खुंटीला असायचा तो, म्हणाले,
ज्याला हवा त्यानं घालायचा, दोन आणे जादा.
तिसरं काज बघा. तिरकं आहे ना?
ते माझं. नऊ वर्षांचा होतो.
मार खाल्ला होता त्याच्यापायी.

भिंग घेऊन मी सगळी सुतळी फिरले.
चार, सात, नऊ, तेरा...
अकरा जण, एकच कोट.
कुणाची बोटं बाहीत बुडालेली,
कुणाचं मनगट वीतभर उघडं,
एकाला तर बटणच लागत नव्हतं,
त्यानं हात पोटावर धरलाय, ऐटीत.
सगळे अनवाणी.
आणि प्रत्येकाच्या छातीखाली
ते तिरकं काज.

सोजरबाई भाजी विकून आल्या.
नऊ नंबरसमोर उभ्या राहिल्या, मेथीचा वास घेऊन.
बाप बघितला नाही मी, म्हणाल्या,
आई सांगायची, कान बाहेर होते.
हेच असतील.
दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं.
कान काय, सात नंबरचेही बाहेर आहेत.

मी नाव लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह.
हा आकडा कशाला? त्यांनी विचारलं.
नक्की नाही म्हणून, मी म्हटलं.
राहू द्या, म्हणाल्या,
कोट अडकवायला होईल.

रात्री कुलूप लावायच्या आधी
वहीत पहिली नोंद शाईनं केली :
तिसरं काज – दस्तगीर, वय नऊ.
फोटोत नाही.