शेवटचं कोण?

यंदा मतदान घेतलं.
पाणीमीटर विभागात आम्ही एकोणीस,
अकरा मतं ऐंशीच्या दशकाला, सात नारळाच्या बेटाला,
एक चिठ्ठी कोरी. ती रायव्होची.
त्याला समुद्री चाचेच पुन्हा हवे होते,
ज्या रात्री त्याने पुठ्ठ्याच्या तलवारीने
माझा सोफा फाडून दाखवला.

मी यादीला बसले. याद्या मला जमतात.
मागच्या साली सगळे पांढऱ्या कपड्यांत आले
आणि मी मधोमध बिटाची कोशिंबीर मांडली,
तेव्हापासून प्रत्येक यादीच्या डोक्यावर लिहिते:
बीट नाही.

काळ्या पावावर खारवलेले मासे, वर अर्धं अंडं.
कप्पे असलेले जाड काचेचे पेले, बहिणीकडून बारा.
जुन्या बाजारातून जाळीची पिशवी, आठ युरो.
दुकानदार म्हणाला, अस्सल आहे.
अस्सल म्हणजे तिला दोन भोकं जास्त होती.

आणि माझी खास युक्ती: रांग.
दार बंद. पाहुण्यांनी जिन्यात उभं राहायचं,
दाराशी कायदी कुपनं फाडणार
आणि कपाळाला आठ्या घालून म्हणणार, संपलं, उद्या या.
ऑफिसात सगळे म्हणाले, मारेत, तुझं डोकं म्हणजे!
मीही खूश. उगाच कशाला लपवू.

नोव्हेंबर, तार्तू, चौथा मजला, लिफ्ट नाही.
सात वाजता जिन्यात टोप आणि खांद्यांत स्पंज भरलेले कोट,
खिदळणं दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेलं.
सासूबाईंना साडेसातचं बोलावणं होतं.
लेइदा, वय एक्याऐंशी. तिच्याकडे घराची किल्ली आहे.
तिने सरळ वर यायचं होतं.

ती रांगेच्या शेपटाशी थांबली आणि विचारलं,
"शेवटचं कोण?"

पोरं एकमेकांकडे बघत राहिली.
कुणालाच माहीत नव्हतं की असं विचारतात,
की या प्रश्नाला उत्तर असतं.
अखेर तावीने शाळेतल्यासारखा हात वर केला.
"मग मी तुमच्या मागे," लेइदा म्हणाली,
कोटाच्या खिशातून मूठभर जाळी काढली, झटकली,
तिची पिशवी झाली.
"काय मिळतंय?"
तावी गमतीत म्हणाला, "केळी."

मला आत काही ऐकू आलं नाही.
मी माशांवर अंडी ठेवत होते, टेपरेकॉर्डर फीत चावत होता.
पाऊण तासाने कायदीने हाक मारली, वेगळ्याच आवाजात.

दारात लेइदा. गळ्यापर्यंत बटणं लावलेली,
मुठीत मोजलेली नाणी,
चेहरा असा की हात पुढे करून
"आई, आत या ना" म्हणायचं धाडस होईना.
ती खेळत होती, की आम्हीच तेवढे खेळत होतो?
आइनकडे पाहिलं. तिचा मुलगा. तो बुटांकडे बघत होता.

स्वयंपाकघरात सहा केळी होती, ऊकूच्या सकाळच्या खिरीसाठी.
धावत जाऊन सगळी आणली.
तिने वळून जिन्याकडे नजर टाकली, ओठांनी माणसं मोजली,
दोन घेतली.
"मागे लोक आहेत," म्हणाली, आणि नाणी कायदीच्या हातात दिली.

मग काय विचारता. उरलेली चार केळी, मागे नऊजण,
आणि अचानक प्रत्येकाला केळं हवं.
अडतीस वर्षांचा रायव्हो कोपराने वाट काढू लागला.

पार्टी रात्री एकपर्यंत चालली. फोटो बरे आलेत.
सगळ्यांनी काही ना काही घातलंय,
फक्त एक बाई कोपऱ्यात स्वतःच्या कोटात बसलीय,
मांडीवर पिशवी, पिशवीत एक केळं.
दुसरं ऊकूच्या उशाशी सापडलं.

सकाळी ती पेले पुसायला आली.
बारा पेले होईपर्यंत गप्प.
मग म्हणाली, "रांग चांगली होती.
पण कुणी कुणाची जागा धरली नाही, कुणी भांडलं नाही,
शेवटी जरा बरी झाली."
फडकं वाळत घातलं, पिशवी घडी करून खिशात टाकली,
दारापर्यंत गेली आणि वळली.

"आणि मारेत, पाहुणे बोलावले होतेस ना?
बीट कुठे होतं?"