काच किती खाली

सेंट गथलॅकच्या वेस्ट्रीचं दार ओकचं आहे,
दोनशे वर्षांचं, आतून कडी असलेलं.
समितीच्या दोन बैठका नुसत्या या दारावर गेल्या.
खजिनदार म्हणाले, वारसा आहे, त्याला भोक पाडायचं?
कुणी म्हणालं, आपल्याकडे तसलं काही नाही.
इतिवृत्तात मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं
आणि खाली तारीख घातली.

मी म्युरिएल ऑसेट.
बत्तीस वर्षं या सपाट, पाणथळ मुलखात
सायकलवरून हिंडलेली नर्स.
आता फलकावर माझा फोटो आहे, फोटोखाली नंबर.
बिनपगारी काम. एक कपाट, त्याची किल्ली माझ्या गळ्यात.
मी जवळ आले की लोक चहा घाईनं संपवतात.
मिसेस क्रॅकनेल विचारतात,
आता लेकराच्या डोक्यावरून हातही फिरवायचा नाही का?
फिरवा की.
सगळ्यांसमोर फिरवा.

हिलरी सेहेचाळीस वर्षांची. दाराशी प्रार्थनेची पुस्तकं वाटते,
प्रत्येकाला नावानं हाक मारते,
आकडे मात्र दहाच्या पुढे तिच्या हातून निसटतात.
दर रविवारी तिला गाडीनं घरी सोडणारा सज्जन
तिचं बँकेचं कार्ड जपून ठेवायचा,
जपून म्हणजे स्वतःच्या खिशात.
कॉयरमध्ये सगळ्यांत गोड गळा त्याचाच.
मी विचारलं तेव्हा हिलरी म्हणाली, "ते सीक्रेट आहे,"
आणि लगेच सगळं सांगून टाकलं,
कारण याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
मी मुठी उघडताना पाहिल्यात.
आत तळव्यावर
स्वतःच्याच नखांचे व्रण असतात.

फेब्रुवारीतला मंगळवार. कालव्यांवर बर्फाची साय.
डेझमंड पास्क हत्यारांची पेटी घेऊन आला,
आईच्या दफनानंतर या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच.
पॅसेजमधल्या जुन्या फोटोत तो आहे, दुसऱ्या रांगेत,
गळ्याशी चुणीदार पांढरी कॉलर,
हाताची घडी. तोंडावर बोट नाही,
पण असल्यासारखं.
त्या भिंतीकडे न बघता तो पुढे गेला.

नकाशात काच माझ्या डोळ्यांच्या उंचीला होती.
त्यानं पेन्सिल टेकवली, रेघ ओढली नाही.
बराच वेळ नुसता उभा.
मग गुडघे टेकले, या चर्चमध्ये,
हातात मोजपट्टी घेऊन,
आणि माझ्या कमरेच्याही खाली खूण केली.
"इथपासून."
मी म्हणाले, मग बाहेरच्याला आत बघायला वाकावं लागेल.
"वाकू दे," तो म्हणाला.
"आतल्याला बाहेरचं दिसायला हवं.
कुणी येतंय का, ते."

करवत सुरू झाली. भुशाला व्हिनेगरसारखा वास होता.
प्रशिक्षणात शिकवलंय,
आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडात घालू नका,
शांततेला जागा द्या.
नर्स म्हणूनही मला एवढंच येत होतं.
मी चहा केला, दोन चमचे साखर.
पावतीच्या मागे माझा नंबर लिहिला,
फलकावर होता तोच, तरी हातानं लिहिला.
त्यानं घडी केली, पेन्सिलीसोबत कानामागे खोचली.

निघताना कडी काढली. चार स्क्रू, चौथा गंजलेला,
त्यावर त्यानं पूर्ण वजन टाकलं.
"ही मी नेऊ?" त्यानं विचारलं.
समितीला विचारायला हवं होतं.
मी म्हणाले, न्या.

पुलापाशी त्याची व्हॅन थांबलेली दिसली, इंजिन चालू.
बर्फ फुटल्याचा आवाज आला की नाही,
इतक्या लांबून कळलं नाही.

रविवारी काचेवर नाकांचे ठसे होते,
तीन लहान, एक हिलरीचं, ती खाली बसली असणार.
साफसफाईवाली फडकं घेऊन आली.
मी म्हटलं, राहू दे आज.

फोन अजून आलेला नाही.
रात्री मी तो उशाशी ठेवते, आवाज पूर्ण वाढवून.