दोन सूत

सातपूरच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
माझं माप चुकलं नाही.
म्हणून शेंगदाणा तेलाचा रिकामा कॅन
सोड्याने धुतला, उन्हात उपडा घातला,
मग मार्करने खुणा:
खिडकी तीन इंच, उंबरा दोन सूत.
तापल्या सुरीने कापताना
अर्ध्या सिडकोला वास गेला असेल.
आरपार घातला लाकडी डाव,
जो हेमलता अजून मांडणीत शोधतेय.
बाजरी भरली. सुतळीने ग्रिलला टांगला.
ओळंबा लावून पाहिला,
केसाचा फरक नाही.

नऊ दिवस कुणी नाही.
मुंग्या आल्या.
खालच्या बोरस्त्यांची तक्रार आली.

दहाव्या सकाळी चिमणी.
दाण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
गाठीवर बसली, मान तिरकी करून
काम तपासल्यासारखं केलं,
आणि सुतळी उसवत
एक सूत ओढून गेली.
परत आली. दुसरं नेलं.

कॅन आता एका बाजूला कलतो.
‘सरळ करा की,’ हेमलता म्हणते.
मी हात लावत नाही.
जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागे
काहीतरी वेडंवाकडं बांधलं जातंय,
खुणा न करता.

सुतळी अजून बरीच आहे.