तळाशी बोटभर

चिठ्ठीच्या जागी डिंकाचा एक चौकोन उरलाय,
धूळ धरून काळा.
मला वाटायचं, खाऱ्या हवेनं खाल्ली असेल.
हर्णैत कड्याकुलपं टिकत नाहीत, कागद कुठला.

अकरा वर्षांपूर्वी हरेश्वर मस्कतहून आला,
दोन वर्षं बोटीवर काढून.
एक ब्लँकेट, एक टॉर्च आणि ही बाटली, करंगळीएवढी,
गळ्याला लाल दोरा.
नाव काय हिचं? म्हटलं.
"अरबीत होतं," म्हणाला, आणि टॉर्च कशी लागते ते दाखवत बसला.

लिलावाहून आले की
कोपरापर्यंत लिंबाची फोड, मग साबण, मग पुन्हा लिंबू,
आणि शेवटी मानेमागे एकच थेंब.
म्हाकुलाची शाई नखांतून जात नाही,
पण त्या थेंबापुढे नखंसुद्धा गप्प बसायची.
डोळे मिटले की काचेची दुकानं दिसत,
गार फरशी,
पांढऱ्या झग्यातला माणूस हळू बोलणारा.

आता तळाशी बोटभरही नाही.
दवाखान्यातली नर्स म्हणाली, मोगरा.
बर्फाच्या कारखान्यातला कारकून म्हणाला, ऊद, पैज लावा.
भाचीनं मोबाइलवर शंभर बाटल्या दाखवल्या,
पण मोबाइलला नाक नाही.

दापोलीला स्टँडमागे इस्माईल रखांगेंचं दुकान.
म्हाताऱ्यानं बाटली घेतली, उघडलीच नाही.
दोऱ्यावरून अंगठा फिरवला.
"ही गाठ माझी आहे."
मग उघडली. मनगटावर लावून थांबला,
मध्ये स्वतःच्या लोकरी टोपीचा वास घेतला,
आणि हिशेब सांगावा तसं म्हणाला,
"वाळा. थोडा कचोरा. बाकी सगळी ओवळं, आंजर्ल्याची."

ओवळं?
शाळेच्या वाटेवर पायाखाली यायची ती?
माळेला दोरा पुरायचा नाही म्हणून
केळीचं सोपट सोलायचो, ती?

"एकजण आला होता," तो आठवू लागला,
"बॅगेला विमानाची पट्टी तशीच लटकत होती.
हर्णैच्या दोन गाड्या सोडल्या त्यानं.
हे हुंग, ते हुंग.
म्हणाला, पैसे मुकादमानं अडकवलेत,
रिकाम्या हातानं कसा जाऊ?
पैसे देऊन झाल्यावर म्हणाला,
चिठ्ठी काढून द्या, तीवर दापोली लिहिलंय.
मीच खरवडली. या नखानं."

मी काउंटरवरच्या काचेत बघत राहिले.
राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना.
अकरा वर्षं मी रोज संध्याकाळी मस्कतला जात होते,
आणि खाडीपलीकडंही पोचले नव्हते.

त्यानं नवी बाटली भरली, दोरा गुंडाळला,
पेन उघडून विचारलं, "नाव काय घालू?"
"काहीतरी घाला," मी म्हटलं, "दापोली पण घाला.
चिकटवा नीट.
आणि मग खरवडून द्या."
तो हसला नाही. ब्लेड शोधू लागला.

घरी हरेश्वर ओट्यावर जाळं सांधत होता.
"मिळाली?"
"मिळाली. मस्कतहूनच मागवतात म्हणे."
"महाग पडली असेल," तो म्हणाला, मान वर न करता,
आणि नुकतीच मारलेली गाठ
सोडवून पुन्हा मारू लागला.