सायलेन्सर अजून गरम

दिवाडीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना
गौरेशनं मला त्याचं नाणं समजावलं होतं.
देणारा दिसत नाही, घेणारा दिसत नाही,
किती, ते तर नाहीच.
एका खऱ्याभोवती पंधरा उसने उभे राहतात,
म्हणाला, सोळांतला मी कोण, ओळखून दाखव.

समोर स्कूटरची रांग होती,
सकाळपासून लावून ठेवलेल्या, बहुतेक काळ्या,
चिखलानं नंबर बुजलेले.
मी तीस वर्षं पंक्चर काढतोय.
चालत गेलो, सायलेन्सरजवळ तळहात धरत गेलो.
थंड. थंड. थंड.
एक गरम.
ही आत्ता आली, म्हटलं.
तो हसला. मग थोडा वेळ हसला नाही.

मला यातलं काही कळत नाही,
पण बेट कळतं.
तीन तारी, तिन्हींना वेळ ठरलेली.
रायबंदरला नऊ दहाला कोण उतरलं
आणि नऊ वीसला कुणाकडे काय पोचलं,
नाव न विचारताही बेरीज बसते.

त्याचं काम रात्रीचं, गिऱ्हाईक कुठल्या देशाचं
ते त्यालाही माहीत नव्हतं.
पैसे असे यायचे की कुत्रं भुंकू नये.
बोभाटा केला तो चिऱ्यांनी.
पावसाआधी सात टेम्पो उतरले त्याच्या दारात,
आणि कुंपणाचा एकेक थर चढत गेला तशी
बांधावरून जाणारी प्रत्येक बाई
मनातल्या मनात रक्कम मांडत गेली.
फिलोमेना तोंडावरच म्हणाली, चौदा लाख.
तो चिडून म्हणाला, साडेतेरा!

म्हापशात ज्यानं नाण्याचे रुपये करून दिले
त्यानं आधार कार्डाचा फोटो घेतला होता,
फक्त आपल्यात, म्हणून.
आता तो फोटो कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे
हे मात्र अगदी गुप्त आहे.

उरलेली नाणी त्यानं पंचवीस इंग्रजी शब्दांत ठेवली होती,
शब्द कागदावर, कागद देवघराच्या फळीमागे.
कॉम्प्युटरचा काय भरवसा?
ऑगस्टात फळी ओढली तर वाळवी.
सात शब्द शाबूत. आठवा अर्धा.
बँक असती तर काउंटरवर हात आपटला असता,
अर्ज केला असता, आमदाराकडे गेला असता.
इथं वर कुणीच नाही.
तेच तर हवं होतं त्याला.

हल्ली शेवटची फेरी गेल्यावर येतो,
माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली गाडी लावतो,
सीटवरून उतरत नाही.
विझलेल्या हेडलाइटकडे बघत शब्द जुळवतो,
एक धरतो, पुसतो, दुसरा लावून बघतो,
पुन्हा पहिल्यापासून.

मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असतो.
कान देत नाही.
तरी चार शब्द पाठ झालेत.