नदीपासून वडापर्यंत

आमची पाळी वर्षाला तेहतीस दिवस.
भाऊ नाही, म्हणून ती माझ्याकडे आली,
लग्न मोडून मी आले त्याच साली.
पाच पायऱ्या खाली गाभारा. भर उन्हाळ्यात
येरळेचं मुरलेलं पाणी तिथं तळव्यांना लागतं.

देऊळ कुणी बांधलं विचारा, गाव म्हणतं, पांडवांनी,
एका रात्रीत. कोंबडा आरवला, कळस राहिला.
माझा बाप, भगवंता गुरव, म्हणायचा,
रात्रीत कसलं! पूर्वेच्या खांबावर बघ,
छिन्नी घसरलीय. पाथरवटाला घाई नव्हती गं,
दुपारची झोप आली होती.

शिखर विटांचं, फार नंतरचं,
कुण्या देशमुखिणीचा नवस.
नंदीचं तोंड फुटलेलं. कुणी फोडलं, यावर
निवडणुकीच्या वर्षी दोन गोष्टी सांगतात.
बापाकडे तिसरी होती: चिंचेची फांदी.
सोसायटीनं एकदा खांबांना चंदेरी ऑइलपेंट दिला,
तो यक्षांच्या डोळ्यांतून अजून निघालेला नाही.

आणि दाराबाहेर तो दगड. वर चंद्र-सूर्य,
खाली झिजल्या ओळी.
म्हशी त्याला अंग घासायच्या,
आम्ही त्यावर गोधड्या आपटायचो.
तळाशी काय कोरलंय ते पोरींना कुणी सांगितलं नाही.
आई तेवढ्या जागी मुद्दाम शेण थापायची.

साताऱ्याहून डोईफोडे बाई आल्या,
ओला कागद, ब्रश आणि काजळी घेऊन.
लेकराची पाठ थोपटावी तसा कागद थोपटला.
उन्हं कलेपर्यंत अक्षरं वर आली.
शके अमुक, आकडा फुटलेला.
कुण्या नायकानं देवाच्या नंदादीपासाठी
दिली भूमी, नदीपासून वडापर्यंत.
जो ही मोडील, त्याच्या...
बाई थांबल्या.
वाचा, मी म्हटलं.
त्याच्या आईला गाढव.

मी खाली बसून शेण नखानं खरवडलं.
गाढव होतं. बाई होती.
तिला चेहरा नव्हता.
म्हशींनी नेला असेल, नाहीतर आमच्या गोधड्यांनी.

नदीपासून वडापर्यंत आता वडच नाही,
उसाचा वजनकाटा आहे.
शेवटचे सात गुंठे बापानंच दिले,
कागद न करता, माझ्या लग्नाला.
म्हणजे लागलाच तर शाप बापाला नाही,
त्याच्या आईला. ठकूबाईला,
जिनं उभ्या जन्मात विकल्या त्या
पत्रावळी, आणि सोमवारी बेल.

दगड म्युझियमला द्यायचा ठराव झालाय.
मी सांगितलंय, माझ्या पाळीत उचलू नका.

तेल मी दुकानातून आणते, करडईचं, पावशेर.
वात सारते, पायऱ्या चढून वर येते,
आणि तेलकट बोट त्या बाईला पुसते,
जिथं चेहरा असायला हवा तिथं.
चेहरा काही येत नाही.
जागा चकाकते, इतकंच.